घरच्या घरी ब्रेक कॅलिपर रंगवताना

पावसाळा ओसरला की गोव्यातील मोटारमालकांचे लक्ष आपल्या गाडीच्या अंगाकडे वळते. दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून तिला झेंडूची माळ घालायची असते आणि त्या निमित्ताने चार महिन्यांचा चिखल, शेवाळाचा थर, पत्र्यावरचे ओरखडे हे सारे एकदम नजरेस पडते. त्यातच आजच्या अ‍ॅलॉय चाकांना आऱ्यांमधून मोठमोठ्या फटी असतात. पूर्वी पत्र्याच्या चाकाआड आणि प्लॅस्टिकच्या टोपीआड दडलेला ब्रेकचा भाग त्यांतून स्पष्ट दिसतो. आणि दिसतो तो बहुधा विटकरी रंगाचा, खवले धरलेला. चकचकीत चाकाच्या आत तो गंजका ठोकळा डोळ्यांना खुपतो. बाजारात लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचे डबे मिळतात, समाजमाध्यमांवरील चित्रफिती दहा मिनिटांत सारे काम आटोपून दाखवतात आणि रविवारची दुपार मोकळी असते.

काम तसे अवघड नाही. पाना-पकड हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला ते घरी नीट करता येते. परंतु ज्या वस्तूला हा रंग द्यायचा, ती खिडकीचा गज किंवा फाटकाची कडी नव्हे. भरधाव गाडी थांबवण्याची जबाबदारी तिच्यावर असते. कोठे रंग द्यावा यापेक्षा कोठे तो मुळीच लागू देऊ नये, हे या कामात अधिक महत्त्वाचे ठरते. आणि ते कळण्यासाठी कॅलिपर म्हणजे काय हे आधी ओळखून घ्यावे लागते.

चकतीला धरणारा चिमटा

चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात आणि या पॅडना पोटात घेऊन चकतीवर पालथा बसलेला चिमटा म्हणजे कॅलिपर. पायाखालचा ब्रेक दाबला की नळीतील ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो. पिस्टन आतला पॅड चकतीवर दाबतो. आपल्याकडील बहुतेक लहान-मध्यम मोटारींत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतल्या पॅडला ढकलतो, तेव्हा त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचा सारा ठोकळा दोन गुळगुळीत पिनांवरून विरुद्ध दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅडही चकतीला भिडतो. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी कडे आपला पीळ सोडते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाइतके मागे घेते. पॅड मोकळे होतात, चाक सुटते.

म्हणजे बाहेरून निश्चल दिसणारा हा ठोकळा प्रत्येक वेळी थोडासा हलत असतो. त्याच्या हलण्याच्या जागा म्हणजे सरकत्या पिना, त्यांवरची रबरी आवरणे, पिस्टनभोवतीचे रबरी टोपण आणि पॅडचे कान ज्या खाचांत बसतात त्या खाचा. यांपैकी एक जागा जरी अडली तरी एक पॅड चकतीला घासत राहतो, चाक तापते, पेट्रोल अधिक लागते आणि जोरात ब्रेक दाबल्यास गाडी एका अंगाला ओढली जाते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. तिला खरी प्रतिष्ठा लाभली ती पन्नास वर्षांनी. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या गाडीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. त्यानंतर दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या डीएस या मोटारीला पुढे डिस्क ब्रेक बसवले. आज भारतातील बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. तेव्हा घरी रंगवण्याजोगे कॅलिपर पुष्कळदा दोनच, पुढचे.

कोणता गंज निरुपद्रवी, कोणता घातक

गाडीचा गंज पाहून गोवेकर लवकर घाबरत नाही, कारण गंज त्याच्या परिचयाचा असतो. दाराच्या बिजागऱ्या, छताचे पत्रे, अंगणातील पंप, सारेच गंजते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि वर्षभर समुद्रावरून येणारा खारा वारा यांच्यापुढे लोखंडाचे काही चालत नाही. मिठातील क्लोराइड लोखंडावरील संरक्षक थर भेदते आणि हवेतील ओल खेचून धरते. म्हणून मिरामार, कोलवा किंवा हरमलच्या किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीचे ब्रेक आतल्या तालुक्यांतील गाडीपेक्षा लवकर तांबडे होतात.

मात्र ब्रेकवरचा सारा गंज सारखा नसतो. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी गाडी काढताना चाकातून खरखर ऐकू येते. रात्रीतून चकतीवर धरलेल्या नारिंगी थराचा तो आवाज असतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की पॅड तो थर पुसून काढतात. त्यावर काही उपाय करण्याची गरज नाही. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत मात्र हा थर टिकून राहू शकतो, कारण तेथे वेग कमी करण्याचे पुष्कळसे काम मोटारच करते आणि ब्रेकचा वापर कमी होतो.

कॅलिपरच्या अंगावरचा गंज हा दुसरा प्रकार. नेहमीच्या गाड्यांतील कॅलिपर बिडाचा असतो आणि कारखान्यातून येताना त्यावर जस्ताचा पातळ मुलामा असतो. किनारी हवेत तो काही वर्षांत संपतो आणि बीड उघडे पडते. हा गंज दिसायला वाईट, पण बिडाचा ठोकळा चांगला जाड असल्याने तो सहसा अंगापुरताच राहतो.

खरा घातक गंज या दोहोंपेक्षा कमी दिसतो. पॅडच्या खाचांत, त्यांवरील पत्र्याच्या क्लिपांच्या खाली तो साचतो, फुगतो आणि पॅड अडकवून ठेवतो. पिनेवरचे रबर फाटले असेल तर आत पाणी शिरते आणि पिन जाम होते. पिस्टनचे टोपण चिरले असेल तर पिस्टनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि तेथून ऑइल झिरपू लागते. चाकाच्या आऱ्यांतून डोकावणाऱ्याला यातले काही दिसत नाही. कॅलिपर रंगवण्याचा सर्वांत मोठा लाभ येथेच आहे: त्या निमित्ताने चाक उतरते, घाण निघते आणि या जागा डोळ्यांखालून जातात. एरवी ब्रेकने आवाज केल्याशिवाय त्यांच्याकडे कोण पाहतो?

लाल रंगाने ब्रेक सुधारतो काय?

नाही. शर्यतीच्या व महागड्या मोटारींना १९६१ मध्ये इटलीतील बेर्गामोजवळ सुरू झालेल्या ब्रेम्बो कंपनीचे लाल कॅलिपर असत आणि लाल कॅलिपर म्हणजे जोरदार ब्रेक असे समीकरण लोकांच्या मनात बसले. (या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळही आहे.) पोर्शेच्या गाड्यांत पिवळा कॅलिपर दिसला तर त्या गाडीची चकती सिरॅमिक संमिश्राची आहे असे समजतात. तेथे रंग ही ओळखीची खूण आहे. साध्या कॅलिपरला तोच रंग दिल्याने त्याचा पिस्टन मोठा होत नाही, की गाडी एक फूट अलीकडे थांबत नाही.

नामांकित कंपनीचे नाव छापलेली, कॅलिपरवर चिकटवण्याची लाल झाकणेही बाजारात मिळतात. ती घेऊ नयेत हे स्पष्टच सांगावयास हवे. गोंद किंवा तार ढिली झाली तर असे झाकण फिरत्या चाकात अडकते; शिवाय त्याच्या आड चिखल आणि ओल साठते.

उष्णतेचा हिशेब

रंगाची निवड समजण्यासाठी ब्रेकमध्ये किती उष्णता येते याची कल्पना हवी. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबते, तेव्हा तिच्या गतीत साठलेली सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा बहुतांशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेत कळशीतले ३० अंशांचे एक लिटर पाणी उकळीला येईल. हे एका थांबण्याचे झाले.

आता बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीकडे येणारी किंवा अनमोड घाटातून मोलेकडे उतरणारी गाडी पाहा. हीच १,२०० किलोची मोटार दर १०० मीटर उंची खाली उतरताना जेवढी ऊर्जा सोडते, तेवढीत चार लिटर पाणी उकळेल. त्यातला काही भाग हवेचा विरोध घेतो. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिनही मोठा वाटा उचलते. ती न्यूट्रलमध्ये सोडली तर सारा भार ब्रेकवर येतो. अशा उतारावर चकती कित्येक शे अंशांपर्यंत तापू शकते. कॅलिपर तिच्यापेक्षा बराच थंड राहतो, तरी त्याला हात लावण्याची सोय उरत नाही.

ही उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण हे द्रव हवेतील पाणी शोषतात आणि ठरावीक प्रमाणात पाणी मिसळल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि दाबलेला ब्रेक स्पंजासारखा खाली जातो. दमट हवेच्या प्रदेशात साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याला म्हणूनच महत्त्व आहे. कॅलिपर रंगवण्याचा उत्साह असलेल्या मालकाने ते शेवटचे केव्हा बदलले, हेही या निमित्ताने आठवून पाहावे.

या द्रवाला आपल्याकडे सर्रास ऑइल म्हणतात, त्यामुळे एक घोटाळा होतो. ते इंजिन ऑइलच्या जातीचे नाही. ब्रेकमधील रबर ब्रेक ऑइलला टिकते, पण खनिज तेलाने फुगते. कॅलिपर स्वच्छ करताना पेट्रोल, डिझेल, रॉकेल वापरू नये आणि पिनांना चाकाच्या बेअरिंगचे किंवा चॅसिसचे ग्रीस लावू नये, याचे कारण हेच. उलट, हे ब्रेक ऑइल रंगाचे कट्टर वैरी आहे. बॉनेटवर सांडलेला थेंब वेळेवर धुतला नाही तर रंग सुरकुततो.

कोणता रंग?

तेव्हा कॅलिपरच्या रंगाने तीन गोष्टी सोसायला हव्यात: उष्णता, ब्रेक ऑइल आणि खारी हवा. घरात उरलेला ऑइल पेंट या तिन्ही कसोट्यांवर अपुरा पडतो. तो तापून पिवळा पडतो, मऊ होतो, त्यावर ब्रेकची काळी भुकटी रुतून बसते. खिडक्यांच्या गजांना लावतात तो लाल रेड ऑक्साइड प्रायमर गजांसाठी उत्तम, पण नेहमी तापणाऱ्या भागासाठी तो केलेला नाही.

सर्वांत फसवा पर्याय सायलेन्सरच्या रंगाचा. मोटारसायकलचा सायलेन्सर रंगवण्याचे फवाऱ्याचे डबे सगळीकडे मिळतात, त्यांवर सहाशे अंशांचा आकडा छापलेला असतो आणि जो सायलेन्सरवर टिकतो तो कॅलिपरवर टिकणारच, असे कोणालाही वाटेल. यात एक मेख आहे. असे सिलिकोनयुक्त रंग हवेत नुसते सुकतात. ते पक्के होतात ते चांगले तापल्यावर, बहुधा दोनशे अंशांच्या आसपास. सायलेन्सर तेवढा तापतो. रोज पणजी ते म्हापसा जाणाऱ्या गाडीचा कॅलिपर सहसा तापत नाही. परिणामी रंग कच्चाच राहतो आणि नखाने निघतो, ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने तर वाहूनच जातो. म्हणजे उष्णता सोसण्याची त्याची क्षमता येथे जास्त असूनही कामाची नाही.

म्हणून कॅलिपरसाठी म्हणून विकला जाणारा रंगच घ्यावा. तो दोन रूपांत मिळतो. एक फवाऱ्याचा डबा. दुसरा ब्रशने लावायचा, ज्यात पुष्कळदा रंग आणि हार्डनर वेगवेगळे असून ऐनवेळी मिसळायचे असतात. घरच्या कामासाठी ब्रश अधिक बरा. फवाऱ्याने अंग एकसारखे दिसते हे खरे, पण त्याचे बारीक तुषार चकतीवर, पॅडवर, रबरावर कोठेही जातात. ब्रश हाताच्या ताब्यात राहतो. कॅलिपरचे अंग मुळातच ओतीव आणि खरखरीत असल्याने ब्रशच्या रेषा दोन फुटांवरून दिसतही नाहीत. हार्डनर मिसळण्याच्या काही रंगांत आयसोसायनेट असते. त्याची वाफ किंवा तुषार श्वासातून गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो. डब्यावर तसा इशारा असेल तर तो रंग फवारण्याच्या भानगडीत घरी पडू नये.

पावडर कोटिंग हा याहून टिकाऊ प्रकार. त्यात भाग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून कॅलिपर पूर्ण सुटा करून त्यातील पिस्टन आणि सारी रबरे काढावी लागतात आणि नंतर नवी घालावी लागतात. हे काम घरचे नव्हे.

मोटारसायकलींच्या आणि काही महाग मोटारींच्या अ‍ॅल्युमिनियम कॅलिपरांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पोलादी तारेचा ब्रश चालवू नये. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरण्यासाठी त्या धातूचाच प्रायमर लागतो. सोनेरी मुलामा शाबूत असेल तर तो धुऊन तसाच ठेवणे शहाणपणाचे.

हवामान पाहून मुहूर्त

दसऱ्यापूर्वी काम उरकण्याची घाई असते, पण गोव्यात सप्टेंबर-ऑक्टोबरची हवा अजून ओली असते. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी अधिक असावे, असा रंगकामातील सर्वमान्य संकेत आहे. त्याहून थंड धातूवर डोळ्यांना न दिसणारी ओल जमते आणि रंग त्या ओलीवर बसतो, धातूवर नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीतील कोरडा दिवस यासाठी उत्तम. ऑक्टोबरातच करायचे असेल तर पाऊस नसलेला दिवस निवडून दुपारी अकरा ते तीन या वेळात रंगाचे हात द्यावेत. भल्या सकाळी किंवा संध्याकाळी देऊ नयेत.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर उभी करावी. चिऱ्यांच्या किंवा मातीच्या अंगणात जॅकचा पाय रुततो. तेथे खाली जाड फळी घालावी, पण शक्यतो काँक्रीटची जागा शोधावी. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावावी. चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वीच अर्धा आटा सैल करून घ्यावेत. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. जॅक स्टँड लावून गाडीचा भार त्यावर घ्यावा आणि काढलेले चाक दारालगतच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. यदाकदाचित गाडी घसरली तरी ती चाकावर बसेल.

ब्रेकची काळी भुकटी फुंकू नये, हवेच्या दाबाने उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडू नये. जुन्या वा स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि ते फुप्फुसात गेले की निघत नाहीत. मुखपट्टी लावून, सारे पाण्याने ओले करून, साबणाच्या पाण्याने धुवावे. ते पाणी विहिरीच्या बाजूला सोडू नये. गोड्या पाण्याने धुणे किनारी भागात आणखी एका कारणासाठी अटळ आहे. धातूच्या खड्ड्यांत मिठाचा अंश राहिला आणि त्यावर रंग चढला, तर ते मीठ रंगाच्या थरातून ओल आत ओढते आणि काही महिन्यांत फोड येतात. पुष्कळांचे रंगकाम पहिल्या पावसाळ्यात सोलवटते ते रंगाच्या दोषाने नव्हे, राहून गेलेल्या मिठाने. म्हणून आधी धुवावे, गंज घासावा आणि पुन्हा धुवावे.

घासण्यासाठी तारेचा ब्रश आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. सुटे खवले निघून घट्ट, करडा पृष्ठभाग लागला पाहिजे; आरशासारखा चकचकीत नको, कारण रंगाला धरायला खरखर लागते. रबरी आवरणांना ब्रश लागू देऊ नये. पूर्ण वाळल्यावर ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन अंग पुसावे आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. बोटांचा तेलकटपणाही रंग सुटायला पुरतो.

कॅलिपर गाडीवरून उतरवायचा की जागेवरच रंगवायचा? घरी काम करणाऱ्याने ऑइलची नळी सोडू नये, हा यातला दंडक. नळी सुटली की आत हवा शिरते आणि ती काढण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे. जागेवरच रंगवले तर मागची बाजू थोडी राहते. ती कोणाला दिसत नाही. मागचा-पुढचा भाग रंगवण्यासाठी दोन बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घ्यायचाच झाला, तर तो तारेने स्प्रिंगला बांधून टांगावा. रबरी नळीवर लोंबकळत सोडल्यास नळी आतून तुटू शकते. या अवस्थेत कोणीही ब्रेकवर पाय ठेवू नये, कारण समोर चकती नसल्याने पिस्टन बाहेर येतो. घरातील मुले गाडीत खेळायला बसणार नाहीत याची खबरदारी घ्यावी. मागच्या चाकांनाही डिस्क असून हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तो खोलण्याच्या फंदात पडू नये.

मग मास्किंग टेप. चकतीवर कागद गुंडाळावा. पिस्टनचे टोपण, पिनांची रबरे, नळीचे तोंड, हवा काढण्याच्या ब्लीडर निपलची टोपी, पॅड आणि पॅडच्या खाचा हे सारे झाकावे. निपलवर रंग साचला तर पुढच्या वेळी तो उघडताना तुटतो. खाचांत रंगाचा जाडसा थर बसला तर पॅड अडकतो, म्हणजे जो घातक गंज काढायचा होता त्याचेच काम रंग करू लागतो. कॅलिपर आणि त्याची कंस यांचे जोड, बोल्टांचे माथे बसण्याच्या जागा आणि चाक जेथे हबला टेकते तो पृष्ठभाग हेही कोरडे राहिले पाहिजेत. हबवरचा रंग दाबाने चेपला जातो आणि घट्ट केलेले नट त्यामुळे सैल पडतात. हौसेने हबही रंगवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चकतीवर चुकून शिंतोडा पडला तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसता येतो. पॅडमध्ये रंग किंवा ग्रीस मुरले तर मात्र पॅड बदलण्यावाचून इलाज नाही, आणि ते नेहमी दोन्ही चाकांचे मिळून बदलतात.

रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच घाटात त्याला बुडबुडे येतात. दोन हातांमधील अंतर डब्यावर दिलेले असते आणि ते पाळावे. काही रंगांत तासाभराच्या आत दुसरा हात द्यावा लागतो, नाहीतर पहिला पूर्ण पक्का होईपर्यंत काही दिवस थांबावे लागते. डब्याजवळ विडी-सिगारेट नको, देवघरातील समईही नको. बंद गॅरेजऐवजी मोकळ्या हवेत काम करावे.

कोठे थांबावे

साफसफाईत काही गोष्टी आढळल्या तर रंगाचा डबा बंद करून ठेवावा. पिस्टनच्या टोपणाला चीर असणे, कॅलिपरवर किंवा नळीच्या जोडावर ओलसर तेलकट डाग असणे, नळीच्या रबराला भेगा पडणे, एका चाकाचे पॅड दुसऱ्यापेक्षा किंवा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे अधिक झिजलेला असणे, या दुरुस्तीच्या खुणा आहेत. जुनी गाडी विकण्यापूर्वी कॅलिपर रंगवून ‘नवे’ करण्याची एक रीत अलीकडे दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याने ताजा लाल रंग पाहून खूश होण्याऐवजी चाक उतरवून आतली रबरे पाहण्याचा आग्रह धरावा.

बसवताना पिनांना ब्रेकसाठीचेच सिलिकोन ग्रीस लावावे आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. चाकाचे नट हाताने बसवून, गाडी खाली घेऊन, एकाआड एक अशा क्रमाने आवळावेत. यानंतरची पायरी कधीही चुकवू नये. इंजिन सुरू करून गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल अनेकदा दाबावे. पॅड मागे सरकलेले असतील तर पहिले काही दाब थेट तळाला जातात आणि पेडल घट्ट लागेपर्यंत गाडीला ब्रेक नसतो, असेच समजावे. पेडल घट्ट झाल्यावर टाकीतील ऑइलची पातळी पाहावी आणि मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन थांबवून बघावी.

पहिल्या पाच-दहा किलोमीटरच्या फेरीनंतर थोडा वास येईल. तो नव्या रंगाचा. त्या वेळी दोन्ही पुढच्या चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे अधिक तापले असेल तर त्या बाजूची पिन किंवा पॅड अडकला आहे आणि गाडी तशीच पुढे न दामटता मेकॅनिकला दाखवावी. रंग पूर्ण पक्का व्हायला आठवडा लागू शकतो. तोवर सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याखाली चाके धुऊ नयेत. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.